पूर्वजांच्या उंबरठ्यावर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडील मेयो, गॉलवे, क्लेअर या जिल्ह्यांतील लहान गावांत उन्हाळ्याच्या दिवसांत एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. दूरदेशाहून आलेला एखादा वृद्ध गृहस्थ असतो, सोबत मुलगी किंवा नातू असतो आणि हातात घड्या पडून जीर्ण झालेला एक कागद असतो. त्यावर एका पणजोबाचे नाव, एका वाडीचे नाव आणि एक इसवी सन एवढेच लिहिलेले असते. गावातील दुकानदार त्याला एखाद्या शेतकऱ्याकडे पाठवतो. शेतकरी फाटक उघडून आपल्या कुरणात नेतो आणि बोटाने एक जागा दाखवतो. तेथे घर नसते. गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतीचे अवशेष, एका टोकाला चुलीची जागा आणि आत माजलेले रान, एवढेच उरलेले असते. पाहुणा काही वेळ निःशब्द उभा राहतो, दगडावरून हात फिरवतो आणि डोळे पुसून मागे वळतो.

हजारो मैलांचा प्रवास आणि एवढा खर्च करून त्याच्या हाती काय लागले? लौकिक हिशेबाने काहीच नाही. तरीही तो रिक्त मनाने परतत नाही. मग त्याला मिळते ते नेमके काय, आणि ज्या भूमीने आपल्या पूर्वजांना पोटभर अन्न दिले नाही, तिची ओढ पाचव्या-सहाव्या पिढीलाही का वाटावी, हा प्रश्न केवळ आयरिश लोकांचा नाही. गाव सोडून आलेल्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

या ओढीचे मूळ एका भीषण आपत्तीत आहे. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. ग्रामीण गरिबांचा मोठा वर्ग दुसऱ्याच्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावर बटाटा पिकवून जगत असे. १८४५ मध्ये त्या पिकावर करपा रोग आला आणि जमिनीतले बटाटे काळे पडून सडू लागले. आपल्याकडे दुष्काळ म्हटले की कोरडे आभाळ डोळ्यांसमोर येते. तेथे पाऊस होता, हिरवळ होती आणि हवेतल्या ओलाव्यानेच रोग पसरत होता. पीक निसर्गाने नेले, पण उपासमार माणसाच्या व्यवस्थेने वाढवली. जमीन जमीनदारांची होती, खंड भरल्यावाचून घरात राहता येत नव्हते आणि देशात पिकणारे धान्य व पोसलेली जनावरे त्या काळातही बंदरांतून बाहेर जातच होती. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मरण पावली आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. १८५१ च्या जनगणनेत लोकसंख्या ६५ लाखांच्या आसपास उतरली होती. देशांतराची ही वाट नंतरही अनेक दशके वाहती राहिली. आज आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून या बेटावर सुमारे ७० लाख लोक राहतात, म्हणजे १८४१ पेक्षा कमीच. पावणेदोनशे वर्षे उलटली तरी ही तूट भरून आलेली नाही.

त्या काळी आयर्लंडच्या खेड्यांत एक करुण प्रथा रूढ झाली होती. घरातील मुलगा किंवा मुलगी अमेरिकेस निघण्याच्या आदल्या रात्री सर्व शेजारी त्या घरी जमत. रात्रभर गाणी होत, नाच होत, आणि पहाटे रडण्याचा आकांत उठे. तिकडे घरात मृत्यू झाला असता रात्रभर जागण्याची रीत होती. जिवंत माणसाच्या निरोपासाठी तीच रीत पाळली जाऊ लागली आणि तिला अमेरिकेचे जागरण असे म्हटले गेले. म्हाताऱ्या आईबापांना ठाऊक असे की हे तोंड या जन्मी पुन्हा दिसणार नाही. पुढे पत्रे येत, पत्रांबरोबर पैसे येत, त्या पैशांतून धाकट्या भावंडाच्या तिकिटाची सोय होई आणि घरातील आणखी एक पाखरू उडून जाई. दक्षिणेकडील कोव या एकट्या बंदरातून शंभर वर्षांत सुमारे २५ लाख माणसे गेली असे मानले जाते. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील नवे केंद्र उघडले, तेव्हा तेथे नोंद झालेली पहिली प्रवासी ॲनी मूर ही कॉर्क जिल्ह्यातील सतरा वर्षांची मुलगी होती. दोन धाकट्या भावांना सांभाळत ती निघाली होती. त्या तिघांचा पुतळा आज कोवच्या धक्क्यावर उभा आहे.

सर्वांचे प्रयाण असे स्वेच्छेचेही नव्हते. १८४७ मध्ये रॉसकॉमन जिल्ह्यातील स्ट्रोक्सटाउन येथील जहागिरीतून १४९० कुळांना कॅनडास पाठवून देण्यात आले. जमीनदाराला त्यांना पोसण्यापेक्षा त्यांचे भाडे भरणे स्वस्त वाटले. ही माणसे मुलाबाळांसह कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी पैलतीर पाहिलाच नाही. कॅनडातील ग्रोस बेटावर त्या एका वर्षी मरण पावलेल्या पाच हजारांहून अधिक आयरिश प्रवाशांची दफनभूमी आहे. आज स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन ही सुमारे १६५ किलोमीटरची वाट स्मृतिमार्ग म्हणून जपली आहे, आणि तिच्या कडेने ठिकठिकाणी लहान मुलांच्या ब्राँझच्या जोडांची शिल्पे ठेवली आहेत. एका पडक्या झोपडीच्या छपरात सापडलेल्या जुन्या जोडांवरून ती घडवली आहेत. वंशज ही वाट चालतात, तेव्हा त्यांना कोणी इतिहास सांगावा लागत नाही.

म्हणून परत येणाऱ्या नातवंडा-पतवंडांची भेट हे केवळ पर्यटन नव्हे. जागरणाच्या त्या रात्री एका आईने दारात उभे राहून पाठमोऱ्या लेकराकडे पाहिले होते. ते लेकरू परतले नाही. त्याच्या वतीने कोणीतरी दीडशे वर्षांनी त्या दाराशी येऊन उभे राहते. दार उरलेले नसते, आईही नसते, पण अपुरा राहिलेला एक निरोप पुरा होतो.

तेथपर्यंत पोहोचणे मात्र सोपे नसते. अनेक कुटुंबांना पूर्वजांचा केवळ जिल्हा ठाऊक असतो. आयर्लंडमध्ये टाउनलँड नावाचे, आपल्या वाडीसारखे, साठ हजारांहून अधिक लहान विभाग आहेत आणि एकाच नावाच्या वाड्या अनेक आहेत. त्यातच ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या इमारतसमूहातील सार्वजनिक दप्तरखाना स्फोटाने व आगीने नष्ट झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनेचे बहुतेक कागद आणि अनेक शतकांचे दस्तऐवज त्यात जळाले. उरलेल्या साधनांवरच वंशजांची भिस्त असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जमीन व घरांच्या कर-आकारणीसाठी केलेली ग्रिफिथ यांची पाहणी, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या नोंदवह्या आणि १९०१ व १९११ च्या जनगणना ही त्यांपैकी प्रमुख साधने. यांतील पुष्कळशी आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात.

जळालेल्या दप्तराच्या बाबतीत आयरिश विद्वानांनी जे केले, ते ग्रंथभांडारे जपणाऱ्या समाजाला विशेष भावेल. जळून गेलेल्या कागदांच्या नकला, उतारे व टिपणे इतर देशांतील आणि संस्थांतील कपाटांत विखुरलेली होती. ती शोधून, एकत्र आणून, दप्तरखान्याचा जमेल तेवढा भाग संगणकावर पुन्हा उभा करण्यात आला आणि आगीला शंभर वर्षे झाली त्या २०२२ च्या जून महिन्यात तो सर्वांसाठी खुला झाला. मूडबिद्रीच्या भांडारातील ताडपत्रांमुळे धवला टीका आजच्या वाचकापर्यंत पोहोचू शकली, हे जाणणाऱ्यास एका जपलेल्या नकलेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गाव सोडून गेलेले शोध घेत येतात, तसे गावात राहिलेलेही त्यांची वाट पाहू लागले आहेत. आयर्लंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावण्याची जुनी चाल आहे, वाटसरूला आणि दूर गेलेल्याला घर दिसावे म्हणून. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातील स्वयंपाकघराच्या खिडकीत, देश सोडून गेलेल्या सर्वांसाठी एक दिवा तेवत ठेवला. ज्यांच्याविषयी पूर्वी संकोचाने बोलले जाई, त्या स्थलांतरितांना राष्ट्राने आपले म्हटले. पुढे शांतता करारानंतर राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमातही परदेशस्थ आयरिश वंशजांविषयीच्या विशेष जिव्हाळ्याचा उल्लेख आला. आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म आयर्लंडमध्ये झाला असेल, तर नातवंडाला रीतसर नोंदणी करून नागरिकत्व मिळवता येते. ‘आयर्लंड रीचिंग आउट’ या संस्थेने तर शोधाची दिशाच उलटी केली. गावोगावचे स्वयंसेवक आपल्या गावातून कोण गेले, त्यांचे वंशज आज कोठे आहेत, याचा माग काढतात आणि त्यांना भेटीचे बोलावणे धाडतात. पाहुणा आला की त्याला दफनभूमीपर्यंत आणि पडक्या घरापर्यंत घेऊन जाणारे कोणीतरी गावात असते.

या भेटींपैकी सर्वांत प्रसिद्ध भेट जॉन केनेडी यांची. त्यांचे पणजोबा पॅट्रिक केनेडी १८४८ च्या सुमारास वेक्सफर्ड जिल्ह्यातील डंगनस्टाउन सोडून बोस्टनला गेले. लाकडी पिंपे बनवण्याचे काम करीत असता १८५८ मध्ये कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. त्यांचा पणतू १९४७ मध्ये, फारसे नाव झालेले नसताना, पहिल्यांदा त्या शेतावर जाऊन नातलगांना भेटून आला होता. १९६३ च्या जूनमध्ये तो अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून पुन्हा आला. घरच्यांनी अंगणात चहा-फराळ मांडला होता. त्यानंतर पाच महिन्यांनी केनेडींची हत्या झाली. डब्लिनमध्ये ज्या तरुण आयरिश छात्रांची कवायत त्यांना विशेष आवडली होती, ते छात्र त्यांच्या दफनविधीला मानवंदना देण्यासाठी वॉशिंग्टनला गेले. २०१३ मध्ये, भेटीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, केनेडींच्या समाधीवरील अखंड ज्योतीवरून एक ज्योत पेटवून न्यू रॉस गावी आणण्यात आली. पणजोबा त्याच गावाच्या धक्क्यावरून गेले होते.

अशा नात्यांचा बाजारही होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१३ हे वर्ष आयर्लंडने ‘द गॅदरिंग’ म्हणजे स्नेहमीलनाचे वर्ष म्हणून साजरे केले आणि जगभरच्या वंशजांना घरी येण्याचे आवाहन केले. देश तेव्हा आर्थिक संकटात होता. पाहुण्यांच्या खिशावर डोळा ठेवून भावनेला हात घातला जात आहे, अशी कठोर टीका गॅब्रिएल बर्न या आयरिश अभिनेत्यानेच केली. बराक ओबामा यांच्या आईकडील एक पूर्वज मनीगॉल या लहानशा गावातून १८५० मध्ये अमेरिकेस गेले होते. ओबामा २०११ मध्ये तेथे येऊन गेले, आणि पुढे त्या गावाजवळच्या महामार्गावर त्यांच्या नावाचे पेट्रोलपंप व उपाहारगृहांचे संकुल उभे राहिले. हसू येण्याजोगी ही गोष्ट. तथापि ज्या गावातून माणसे पोटासाठी गेली, त्या गावाला त्यांच्या आठवणीतून चार पैसे मिळाले, तर त्याचा फार राग धरण्याचेही कारण नाही. तीर्थाच्या वाटेवरही दुकाने असतातच. यात्रेकरूने देव आणि दुकान यांतील फरक ओळखला म्हणजे झाले.

खरा विचार करण्याजोगा प्रश्न याहून खोल आहे. जैन आचार्यांनी परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे ममत्व, असे सांगितले आहे. वस्तू जवळ असो वा नसो, ‘हे माझे’ ही आसक्ती हाच परिग्रह. मग न पाहिलेल्या वाडीसाठी, न भोगलेल्या घरासाठी व्याकूळ होणे हेही ममत्वच नव्हे काय?

त्या पडक्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर सापडते. ते कुरण आता दुसऱ्याचे आहे, आणि त्यावर आपला काडीइतकाही हक्क नाही, हे त्याला पूर्णपणे ठाऊक असते. तो काही मागायला आलेला नसतो. उलट घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या मोठ्या वाड्याच्या आणि सुपीक शेताच्या कथा त्या चार दगडांपाशी गळून पडतात. एक खोली, ओली जमीन आणि भुकेने निघून गेलेली माणसे, एवढेच सत्य समोर उरते. अनित्य भावनेचा पाठ याहून स्पष्ट कोणता असणार? ममत्व गळाल्यावर जे मागे राहते, ती कृतज्ञता. या माणसांनी समुद्र ओलांडला नसता तर आपण नसतो, एवढी जाणीव घेऊन तो परततो. ममत्व मागत असते, कृतज्ञता हात जोडते. पूर्वजांच्या भूमीला भेट देणाऱ्याने आपल्या मनाशी एवढी पारख केली पाहिजे.

ही पारख सुटली की पूर्वजांचा अभिमान दुसऱ्याच्या द्वेषाला कारण होतो. आयर्लंडलाच आज या कसोटीस उतरावे लागत आहे. जो देश शतकभर माणसे बाहेर पाठवीत होता, तेथे २०२२ च्या जनगणनेनुसार दर पाच रहिवाशांपैकी एकाचा जन्म परदेशात झालेला आहे. त्यांत रुग्णालयांत, संगणक कंपन्यांत आणि महाविद्यालयांत असलेले भारतीय मोठ्या संख्येने आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिन व परिसरात काही भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाला आपल्या नागरिकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी या हल्ल्यांचा जाहीर निषेध केला आणि भारतीयांनी आयर्लंडच्या जीवनात घातलेल्या भरीची कृतज्ञतेने नोंद घेतली. परदेशी बंदरांवर आपल्याच पूर्वजांना कसा तिरस्कार सोसावा लागला होता, हे ज्यांना आठवते, त्यांना दाराशी आलेला परका निराळा दिसत नाही.

या देशाचा आणि महाराष्ट्राचा एक जिवंत धागाही आहे. डॉक्टर झालेले अशोक वराडकर परदेशी गेले, आयरिश परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांचा पुत्र लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. २०१९ च्या डिसेंबर अखेरीस, पंतप्रधानपदी असतानाच, ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड या आपल्या आजोबांच्या गावी आले. आईवडील, बहिणी आणि घरातील लहान मुले अशा तीन पिढ्या सोबत होत्या. गावकऱ्यांनी घरच्या माणसासारखे त्यांचे स्वागत केले. जगभरच्या वंशजांचे स्वागत करणाऱ्या देशाचा प्रमुख स्वतः कोकणातील एका गावात वंशज म्हणून उभा होता. त्या क्षणी यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा भेदच उरला नव्हता.

ऋण फेडण्याची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १८४७ मध्ये आयर्लंडच्या उपासमारीची वार्ता अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी लोकांच्या कानी गेली. सोळा वर्षांपूर्वीच त्यांना त्यांच्या भूमीवरून हुसकण्यास आरंभ झाला होता आणि त्या वाटेवर त्यांची असंख्य माणसे मेली होती. स्वतः दारिद्र्यात असलेल्या त्या लोकांनी पै-पैसा जमवून सुमारे १७० डॉलर आयर्लंडसाठी पाठवले. आयरिश लोक हे विसरले नाहीत. कॉर्क जिल्ह्यातील मिडलटन येथे नऊ मोठ्या पिसांचे वर्तुळाकार शिल्प उभारून त्यांनी ते उपकार स्मरणात ठेवले. २०२० च्या महासाथीत अमेरिकेतील नवाहो व होपी हे आदिवासी संकटात सापडले, तेव्हा असंख्य आयरिश नागरिकांनी चॉक्टॉंच्या त्या दानाचे स्मरण करीत त्यांना मदत पाठवली. ज्यांनी दिले ते वेगळे आणि ज्यांना परत मिळाले ते वेगळे. परस्परांवर उपकार करणे हाच जीवांचा धर्म आहे, हे तत्त्वार्थसूत्रातील वचन ठाऊक असलेल्यांना या हिशेबात चूक दिसणार नाही.

कुरणातून परतताना तो वृद्ध गृहस्थ अनेकदा खिशात एक लहानसा खडा घेऊन जातो. नातू विचारतो, याचे काय करायचे? उत्तर बहुधा साधेच असते: घरी ठेवायचा, आणि कोणी विचारले तर सांगायचे. सांगण्याजोगेही फार नसते. येथून काही माणसे भुकेली निघाली होती, कोणीतरी त्यांना आपल्या गावात उतरू दिले, आणि म्हणून आपण आहोत. एवढे ज्या घरातील मुलांना ठाऊक असते, त्या घराचे दार पुढे कोणा भुकेल्यासाठी सहसा बंद होत नाही.